१३० पौंड "प्युअर सॉफ्ट" शिसं आणि माझे ३७५ डॉलर

आधी आकडा सांगून टाकतो, ३७५ डॉलर गेले. ओहायोत राहतो, कॅप अँड बॉल रिव्हॉल्व्हरचा (जुन्या पद्धतीचं, दारू आणि गोळी हाताने ठासून भरायचं) नाद आहे, गोळ्या घरीच शिसं वितळवून ओततो, १८५८ रेमिंग्टनची इटालियन रेप्लिका, .४४. महाराष्ट्र मंडळात मला आधीच "तोफखाना" म्हणतात, त्यामुळे तिथे तोंड उघडलेलं नाही. इथे लिहितोय कारण मला हे शिसं विकणाऱ्या माणसाकडून अजून कोणीतरी घेणार, नक्की घेणार.

ज्यांना हा नाद आहे त्यांना वेगळं सांगायला नको की गोळी मऊ शिशाचीच लागते. .४५४ इंचाची गोळी चेंबरपेक्षा, म्हणजे ती बसते त्या कप्प्यापेक्षा, किंचित मोठी, नळीखालच्या लिव्हरने दाबली की कडेने शिशाचं बारीक कडं कापलं जातं आणि ती घट्ट बसते. गाडीच्या चाकाला बॅलन्ससाठी लावतात त्या वजनांचं शिसं यात चालत नाही, त्यात अँटिमनी असते, ते कडक. आणि हल्लीच्या चाकाच्या वजनांत तर जस्ताचीही भेसळ सापडते.

जाहिरात ऑनलाइन होती. एक्स-रे रूमच्या भिंतीतलं शिसं, म्हणे. सोबत नेहमीचं रडगाणं, की मिसुरीतल्या हर्क्युलेनियमचा खनिजातून शिसं काढणारा कारखाना २०१३ ला बंद झाला, आता शुद्ध शिसं दुर्मिळ, लवकर घ्या. अरे, या देशातलं बहुतेक शिसं जुन्या बॅटऱ्या वितळवून येतं, पण भीती घातली की माणूस घाई करतो. मी तरी थेट मोठी ऑर्डर दिली नाही. आधी १० पौंड सँपल मागवलं, २७ डॉलरला, आणि ते एकदम अस्सल निघालं, नखाने ओरखडा उठायचा, गोळ्या आरशासारख्या पडल्या. मग १३० पौंड घेतलं, पौंडाला १ डॉलर ९० म्हणजे २४७, वर पोस्टाच्या दोन फ्लॅट रेट (वजन कितीही, दर एकच) बॉक्सचे ४०. एका बॉक्समध्ये ७० पौंडापर्यंत चालतं, त्याने ६५-६५ भरले. पैसे पेमेंट ॲपवर "फ्रेंड्स अँड फॅमिली"ने, म्हणजे खरेदी नव्हे तर मित्राला दिल्यासारखे, पाठव म्हणाला, फी वाचते. या नादात निम्मे लोक असेच पाठवतात, मी काही जगावेगळं केलं नाही. तरी सांगतो, पाठवू नका. आठ-साडेआठ डॉलरची फी द्या आणि गुड्स अँड सर्व्हिसेसनेच द्या.

बॉक्स आले, उघडले, वरचे इनगॉट (शिशाच्या ओतीव विटा) नखाने तपासले. मऊ. दोन्ही बॉक्सचे. म्हणजे मी तपासलं नाही असं कोणी म्हणू नये.

आता जे डोक्यातून जात नाही ते. खालचे इनगॉट शेल्फवर लावताना एक हातातून निसटून गॅरेजच्या फरशीवर पडला आणि टण्णकन वाजला. मऊ शिसं वाजत नाही हो! ते थप्प करून बसतं, कोपरा चेपतो. हा वाजला, वर उडी मारून गाडीखाली गेला, आणि मी तो काठीने बाहेर ओढून, पुसून, शेल्फवर ठेवला. आमच्या गावचा कल्हईवाला कथलाची कांडी कानाशी धरून वाकवायचा आणि करकर ऐकून अस्सल की भेसळ ते सांगायचा, आणि मी लहानपणी त्याच्यासमोर तासन् तास बसलेला माणूस. खालच्या थराचा साचाही वेगळा होता, कडा धारदार, रंग जास्त पांढरट चकचकीत. सगळं समोर होतं. पण अंगठ्याखाली वरचा थर नुकताच मऊ लागला होता, मग कोण संशय घेणार?

पुढचं पटकन सांगतो. वितळवायच्या भांड्यात माझं छपराच्या फ्लॅशिंगचं (सांध्यांवर लावतात त्या पत्र्याचं) जुनं चांगलं शिसं होतं, त्यातच हे टाकलं. वर लापशीसारखी साय आली, सगळा घाणा बिघडला. (संशयाचा माल चांगल्यात कधीही मिसळू नका, जस्त एकदा गेलं की घरी वेगळं काढणं विसरा.) तरी ओतलेल्या गोळ्यांचं वजन बघायला हवं होतं, .४५४ ची शुद्ध शिशाची गोळी साधारण १४१ ग्रेन भरते, या १३५ च्या आसपास. रेंजवर लिव्हर दाबली तर जाईना, जोर लावला आणि लिव्हरच वाकली. नवीन असेंब्ली ६८ डॉलर. मग भंगारवाल्याकडे मशीनने धातू तपासून घेतला, २० डॉलर, तर अँटिमनी आणि जस्त दोन्ही. विकत घेतोस का विचारलं तर पौंडाला ३५ सेंट म्हणाला.

विक्रेत्याला फोटो पाठवले, त्याने ब्लॉक केलं.

आणि मग सुरू झाली खरी वरात. पेमेंट ॲपवाली बाई गोड आवाजात म्हणाली, सर, हे तुम्ही मित्राला दिलेत ना? मग मित्राशी बोला. पोस्टात म्हणाले, बॉक्स पोचला ना, इन्शुरन्स हरवल्या-फुटल्याचा असतो, आत काय निघालं त्याचा नाही. पोलिसांना फोन केला तर शिसं आणि गोळ्या एवढंच त्यांच्या कानात शिरलं. फसवणूक राहिली बाजूला, उलट तुम्ही घरी काय बनवता, किती बनवता, कुठे ठेवता, मूळचे कुठले. माझ्यासारख्या नावाच्या आणि रंगाच्या माणसाला असे प्रश्न आले की घाम फुटतो, ग्रीन कार्ड असलं तरी. शेवटी काय, तर सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. दुसऱ्या राज्यातल्या माणसाविरुद्ध, ३७५ डॉलरसाठी! राज्याच्या ग्राहक तक्रारीच्या फॉर्मवर गाडी, फोन, छप्पर दुरुस्ती असे पर्याय, माझा कुठे बसेना, "इतर" दाबलं तर उत्तर आलं की आम्ही व्यक्तिगत वकिली करत नाही. सायबर तक्रारीचा फक्त नंबर मिळाला. भंगाराच्या मशीनचा कागद, चॅट, फोटो सगळं जोडलं होतं, एकानेही उघडून बघितल्याचं चिन्ह नाही. टॅक्स भरायला दोन दिवस उशीर झाला की मात्र यांना पत्ता बरोब्बर सापडतो.

बॉक्स उघडताना व्हिडिओ काढा, तळापर्यंत. प्रत्येक इनगॉट काँक्रीटवर आपटा. चित्रकलेच्या पेन्सिलींचा सेट ठेवा, मऊ शिशात ६बीच्या आसपासची, म्हणजे अगदी मऊ पेन्सिलही रुतायला लागते. सँपल चांगलं निघालं म्हणजे सँपलच चांगलं निघालं. जमलं तर इंडियानात फ्रेंडशिपला मझललोडिंगच्या (नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकांच्या) मॅच होतात तिथे जाऊन हाताने बघून घ्या.

त्याची जाहिरात अजून चालू आहे, भाव आता २ डॉलर १०. माझ्या गॅरेजमध्ये शंभराच्या वर पौंड पडून आहे, कोणाला मासे धरायच्या गळाची वजनं ओतायची असतील तर फुकट घेऊन जा, फक्त उचलायला स्वतःची कंबर आणा, माझी आधीच धरलीय.