मनगटपट्टा ठीक, टिचबटण दगाबाज

आमच्या कॉलेजात मुलांनी छोटा उपग्रह बनवायचा घाट घातलाय. पुण्यातल्याच मुलांचा ‘स्वयं’ उपग्रह २०१६ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून वर गेला, तेव्हापासून दर बॅचला हा किडा चावतोच. मी लॅब असिस्टंट. सर्किट बोर्ड जळला की सर मलाच बोलावतात. म्हणून अंगावर साठलेली स्थिर वीज बोर्डावर उतरू नये यासाठी घालायचे दोन अँटिस्टॅटिक मनगटपट्टे ऑनलाइन मागवले: एक वायरवाला, १८० रुपयांचा, दुसरा बिनवायरचा, ९० चा, मुलांच्या हट्टापायी.

बिनवायरचा म्हणजे पैसे पाण्यात. अंगावरचा चार्ज जायला वाट हवी ना? नुसतं कडं घालून तो जाणार कुठे?

वायरवाला बरा निघाला. इलॅस्टिक घट्ट, आतली पत्री कातडीला नीट टेकते, वायर टेलिफोनच्या दोरीसारखी गुंडाळीची, टोकाला अर्थिंगला लावायची क्रोकोडाइल क्लिप. मीटर लावला तर १.०२ मेगोहम. म्हणजे आत रेझिस्टर खरंच आहे; चुकून लाइव्हला हात लागला तरी करंट आवरलेला राहतो. जानेवारीत पुण्याची हवा इतकी कोरडी की स्वेटर काढताना तडतडतं. साधारण ३,००० व्होल्टच्या खालची ठिणगी आपल्याला कळतही नाही, पण नाजूक चिप १०० व्होल्टच्या आतही मरू शकते. मेली हे कळतं नंतर, तेही बोर्ड चालत नाही म्हणून डोकं खाजवताना.

तीन आठवड्यांनी सहज मीटर लावला, तर ओपन, म्हणजे जोडणीच तुटलेली! वायर जिथे पट्ट्याला लागते ते टिचबटण ‘टच्च’ वाजत होतं, दिसायला चकचकीत, पण आतून सैल. पट्टा रोज मनगटावर आणि अर्थिंग शून्य. विक्रेत्याला फोटो पाठवला; परत घ्यायची मुदत संपली म्हणाला. शेवटी पकडीने दाबून घेतलं.

हे मुलांना दाखवलं आणि जपानच्या मिदोरी-२ उपग्रहाची गोष्ट सांगितली. वरती अंतराळात मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा खणता येत नाही; उपग्रहाचा सांगाडा हीच जमीन. मिदोरी-२ साधारण ८०० किलोमीटरवर, ध्रुवांवरून फिरायचा. सोलर पॅनेलच्या वायरींवर उष्णतारोधक चकचकीत आवरण गुंडाळलेलं होतं, पण त्याचा धातूचा थर सांगाड्याला जोडलेलाच नव्हता. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन त्यावर साठत गेले, ठिणग्या पडल्या आणि वायरी एकमेकींना शॉर्ट झाल्या असाव्यात, असं चौकशीतून पुढे आलं. ऑक्टोबर २००३ मध्ये सहा किलोवॅटची वीज काही मिनिटांत एकवर आली आणि उपग्रह गप्प झाला. वर जाऊन वर्षही झालं नव्हतं. एक पोरगा म्हणाला, “म्हणजे त्यांचंही टिचबटणच, काका!” तसंच काहीसं.

पाचपैकी तीन तारे. वायरवाला घ्या, पण कामाला बसण्याआधी रोज मीटर लावा. आमच्याकडे आता टेबलावर वही ठेवलीय. आकडा लिहिल्याशिवाय मी कुणाच्या हातात सोल्डरिंग गन देत नाही.