पातं बदलायची स्किनिंग सुरी: सात हरणांनंतर

नोव्हेंबरात, बंदुकीच्या शिकारीच्या हंगामाच्या दुसऱ्याच दिवशी, कातडं सोलायच्या या सुरीचं पातं हरणाच्या कटीच्या हाडापाशी मोडलं आणि पाऊण इंचाचा तुकडा आतच राहिला. तो सापडेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर मणक्याला आतून चिकटलेल्या टेंडरलॉइनच्या दोन पट्ट्यांपैकी एकीची चिंधी झाली होती. अख्ख्या जनावरातलं सगळ्यात मऊ मांस ते. म्हणून हे लिहितोय.

मुठीची लांबी, वजन, पात्याची जाडी हे सगळं तुम्ही दुकानाच्या पानावर वाचलेलंच असणार, ते पुन्हा सांगत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात धनुष्याचा आणि बंदुकीचा असे दोन्ही हंगाम धरून, सप्टेंबर ते जानेवारी, आमच्या शिकारी गटाची मिळून सात व्हाइटटेल हरणं हिच्याखालून गेली. पहिली तीन नुसत्या हिच्यावर, पुढची चार वेगळ्या पद्धतीनं. माझं मत मध्येच बदललं, तेही पुढे येईल.

आधी ती खाच. पात्याच्या मागच्या टोकाला एक लांबट भोक असतं. ते मुठीवरच्या उंचवट्यावरून सरकवायचं, टक्‌ आवाज आला की पातं बसलं. या उंचवट्याच्या दोन्ही कडांना बारीक खाच आहे, आणि साऱ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. हरणाची चरबी कशी असते हे ज्यांनी ती खाल्ली आहे त्यांना माहीत आहे: गार झाली की मेण. ताटात थिजते, टाळूला चिकटते. बाहेर ३० फॅरनहाइट (सुमारे उणे एक सेल्सिअस) असेल तर तीच चरबी खाचेतही काही मिनिटांत घट्ट होते. मग दुसरं पातं बसवताना टक्‌ आवाज येतो खरा, पण पातं पूर्ण खाली गेलेलं नसतं. मुळाशी कागद जाईल एवढी फट राहते. सरळ ओढून कापताना ती कळत नाही. हात जरा पिळला की सगळा जोर पात्याच्या भोकाच्या टोकावर येतो आणि पातं तिथेच तुटतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं.

मुठीचे फोटो कंपनीला पाठवले. पहिलं उत्तर असं की पातं ही झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही. माझी तक्रार पात्याबद्दल नव्हतीच, खाचेबद्दल होती. तिसऱ्या मेलनंतर नवी मूठ आली. खाच तीच. खाच खालून उघडी ठेवली असती तर चरबी आपोआप बाहेर ढकलली गेली असती, एवढं साधं आहे ते. त्या एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

उपाय सापडला तो असा. थर्मासमध्ये कढत पाणी न्यायचं, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे, सोबत जुना टूथब्रश. पातं काढलं की खाच घासायची, कोरडी पुसायची, मगच नवं पातं. बसवल्यावर पात्याचं मूळ उजेडासमोर धरून पाहायचं. फट दिसली तर काढून पुन्हा बसवायचं. जुनं पातं हातानं काढू नका, चरबीच्या हातात ते हमखास सटकतं. छोटी पक्कड लागतेच.

आता कापण्याकडे. चूक फक्त खाचेची नव्हती, आम्ही ही सुरी नको त्या जागी वापरत होतो. हरीण पाठीवर घेऊन गुदद्वाराभोवती गोल काप द्यायचा असतो, हाडाला धरून तीन-चार इंच आत. आतडं मोकळं झालं की ओढून दोरीनं बांधायचं, म्हणजे लेंडी आत सांडत नाही. पात्याला इथे हाडाच्या कडेनं वळावं लागतं आणि वळणं हिच्या पात्याला झेपत नाही. हे काम साडेतीन-चार इंची अखंड पात्याच्या साध्या सुरीचं.

पोट फाडतानाही तेच. छातीच्या हाडाखाली कातडीची चिमटी उचलून लहान छेद द्यायचा, दोन बोटं आत घालून पोटाची भिंत वर उचलायची आणि बोटांच्या बेचक्यातून, धार आभाळाकडे ठेवून, कटीपर्यंत न्यायचं. साधी सुरी कोथळ्याला टेकली तर हाताला जाणवतं. हिचं टोक इतकं तीक्ष्ण की कोथळा चिरला तरी हाताला पत्ता लागत नाही, हिरवा आंबूस वास आला की मग कळतं. तसं झालंच तर आत पाण्याची धार सोडू नका, घाण सगळीकडे पसरते. आधी कोरड्या कागदानं टिपा, डागाळलेला भाग कापून काढा, गरज असेल तर नंतर स्वच्छ गार पाण्यानं धुऊन लगेच पुसून कोरडं करा. ओलं राहिलेलं मांस लवकर बिघडतं.

श्वासपटल फासळ्यांच्या कडेनं कापलं की पुढचं काम छातीत कोपरापर्यंत हात घालून श्वासनलिका आणि अन्ननलिका वरच्या टोकाला तोडायचं. दोन्ही हात आत आणि डोळ्यांना काही दिसत नाही. अशा जागी ही सुरी नेऊच नका. इथे चूक मांसाला नाही, आपल्या बोटांना लागते. नलिका तुटल्या की सगळा ऐवज एका ओढीत बाहेर येतो. मूत्राशय मात्र तोंडाशी चिमटीत घट्ट धरूनच काढायचं.

बोकडाचं मटण करण्याची सवय असलेला माणूस इथे हमखास एका गोष्टीसाठी अडतो: काळजाला चिकटलेलं पित्त शोधत बसतो, ते फुटलं तर मटण कडू होणार म्हणून. व्हाइटटेल हरणाला पित्ताशय नसतंच. काळीज सरळ काढा, डाग आणि गाठी नाहीत ना पाहा आणि पिशवीत घाला.

तिसऱ्या हरणापर्यंत मी या सुरीला पैसे फुकट गेले असंच म्हणत होतो. एक पातं साधारण दीड डॉलरला पडतं. पोट, हाड, कातडं सगळं हिनेच केलं की एका हरणाला पाच पाती जायची, म्हणजे साडेसात डॉलर फक्त धारेचे. घरी धार लावायचा दगड असताना हे पटण्यासारखं नव्हतं.

चौथ्या हरणापासून कामं वाटून दिली: आतलं सगळं साध्या सुरीनं, ही फक्त कातड्याला. आणि मत फिरलं. मागच्या पायांच्या सांध्यावरची मोठी शीर आणि हाड यांमधून आकडे घालून हरीण डोकं खाली टांगायचं, सांध्याच्या मांडीकडच्या बाजूला गोल काप, मांडीच्या आतल्या बाजूनं जांघेपर्यंत एक उभा काप. हे काप नेहमी कातड्याच्या आतून बाहेर. बाहेरून कापलं की केस तुटून मांसावर पडतात आणि धारही जाते, कारण हरणाचा हिवाळी केस पोकळ असतो आणि पातं त्यात झपाट्यानं बोथट होतं. आतून बाहेर कापायला हिच्यासारखं पातं दुसरं पाहिलं नाही. नुसतं टोक आत सरकवलं की कातडं कागदासारखं उघडत जातं.

एवढं झालं की सुरीचं काम जवळजवळ संपतं. आपल्याकडे खाटीक बोकडाचं कातडं मुठीनं सोडवतो तसंच इथेही. एका हातानं कातडं खाली ओढायचं, दुसऱ्या हाताची मूठ कातडं आणि मांस यांच्या मधल्या पापुद्र्यावर दाबत न्यायची. जिथे अडेल तिथेच पातं, आणि तेही कातड्याच्या बाजूला झुकवून. शेपटीचं हाड आतून कापून कातड्याबरोबर जाऊ द्या. जनावर गरम असताना वीस मिनिटांत होतं ते काम रात्रभर गार झाल्यावर दुप्पट वेळ खातं, कारण चरबी थिजून कातडं धरून ठेवते.

चवीचा खरा प्रश्न नराच्या मागच्या पायावर आहे, आणि या सुरीचे पैसे तिथे वसूल होतात. सांध्याच्या आतल्या बाजूला केसांचा काळपट, चिकट झुबका असतो, त्याखाली ग्रंथी. नोव्हेंबरात माजावर आलेला नर त्यावर लघवी करून पाय एकमेकांवर घासतो. तो उग्र दर्प ‘हरणाचं मांस वास मारतं’ या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा असतो. वास मांसात मुरलेला नसतो, हातानं आणि सुरीनं आपणच नेतो. ग्रंथी कापून काढायच्या भानगडीत पडू नका, गोल काप तिच्या मांडीकडच्या बाजूला द्या आणि तिला पायाबरोबर जाऊ द्या. आणि त्या बाजूला पातं गेलं की ते तिथेच काढा. मांडीला नवं पातं, नवे हातमोजे. साधी सुरी धुऊन येण्याइतका वेळ आणि धीर त्या थंडीत कुणाजवळ नसतो. दीड डॉलरचं पातं टाकून देणं परवडतं. या पद्धतीनं सोलल्यावर, ग्रंथीचं पातं धरून, एका हरणाला तीन पाती पुरतात.

सोलून झाल्यावर केस राहिले असतील तर ते धुण्याआधी काढा. चिकटपट्टी उलटी करून बोटांना गुंडाळायची आणि टिपत जायचं. मांस ४० फॅरनहाइटच्या (सुमारे चार सेल्सिअस) खाली न्या, पण पहिले चोवीस तास ते गोठू देऊ नका आणि हाडावरून उतरवूही नका. मेल्यावर येणारा ताठरपणा उतरायच्या आत गोठलेलं किंवा सुटं केलेलं मांस आखडतं आणि कितीही शिट्ट्या घेतल्या तरी चिवट राहतं. नंतर चरबी आणि चकचकीत पांढरा पापुद्रा सगळा काढा. बोकडाची चरबी रश्शाला चव देते, हरणाची तोंडात मेण सोडते. पापुद्रा काढायलाही हे पातं उत्तम, मात्र सपाट धरून.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग, विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला. शिजवून तो जात नाही, म्हणून पाठीचा कणा करवतीनं चिरू नका, तपासणीसाठी डोकं द्या आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळी खूण करून ठेवा. मान कापताना वापरलेलं पातं लगेच बाद. मूठ आधी घासून, मग दोन भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी अशा मिश्रणात पाच मिनिटं. आणि इथे पुन्हा ती खाच आडवी येते: ब्लीच चरबीच्या आत शिरत नाही. खाच भरलेली असेल तर मूठ कितीही वेळ बुडवून ठेवा, आतलं तसंच राहतं. टूथब्रशशिवाय ते पाच मिनिटं वायाच.

नव्यानं घेणाऱ्यानं ही एकटी घेऊ नये. आधी अखंड पात्याची बरी सुरी आणि दगड, पैसे उरले तर ही. वापरलेली पाती औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकत जा. मांस पिशव्यांत भरायच्या आधी पाकिटातली आणि बाटलीतली पाती मोजा. आकडा जुळला नाही, किंवा बाटलीतल्या एखाद्या पात्याला टोक नसेल, तर एकही पिशवी बंद करू नका.