बुडबुड्यांची तळी ते दिवाडीची फेरीबोट: पोराबाळांसह एका दिवसात होणाऱ्या गोव्यातल्या सहली

गेल्या पावसाळ्यापासून आमचे बरेचसे रविवार गाडीतच गेले. राहतो डिचोलीला. घरात एक तिसरीतला, एक बालवाडीतली आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्या सासूबाई. समुद्राचं मुलांना अप्रूप नाही आणि हंगामात किनाऱ्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून जरा चक्रम म्हणता येतील अशा जागा शोधत गेलो. आता माझा निकष एकच उरलाय: पोरांना तिथं स्वतः काही करायला मिळतं का? नुसतं "बघ किती छान" असेल तर पंधरा मिनिटांत मोबाईल मागतात.

या हिशेबात पहिला नंबर सांगे तालुक्यातल्या नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीचा. गोपीनाथाच्या देवळाला लागून पायऱ्यांची तळी, हिरवट पाणी, आणि तळातून बुडबुड्यांच्या माळा सुटलेल्या. टाळी वाजवली की जास्त येतात म्हणे. थोरल्यानं रीतसर प्रयोगच लावला. आधी सगळ्यांनी चिडीचूप बसायचं, मग सगळ्यांनी एकदम टाळ्या. चिडीचूप बसलो तेव्हाही बुडबुडे येतच होते. "खोटं आहे हे," साहेबांनी निकाल दिला. धाकटीच्या मात्र प्रत्येक टाळीला कुठं ना कुठं बुडबुडा फुटत होता, तिला कोण समजावणार! पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले की बारके मासे येऊन टोचतात, त्यात आणखी अर्धा तास गेला. खाण्याचं मात्र घरून न्या. आमच्याकडे बन्स आणि सुकी भाजी होती म्हणून निभावलं.

त्याच रस्त्यावर साळावलीचं धरण. पावसाळ्यात ते भरलं की जादाचं पाणी एका अर्धगोल तोंडातून आपोआप खाली कोसळतं, दरवाजे उघडायची भानगड नाही. धरणाची उंची चाळीस मीटरच्या वर, त्यामुळे कठड्याशी उभं राहिलं की तुषार थेट चेहऱ्यावर येतात आणि आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. पाणी जातं कुठं, हा प्रश्न मुलांनी घरी येईपर्यंत सोडला नाही. पण जायचं ते ऑगस्ट-सप्टेंबरात. उन्हाळ्यात तिथं फक्त सिमेंटचा प्रचंड खड्डा दिसतो.

उन्हाळ्यात याच धरणाची दुसरी बाजू बघा. पाणी ओसरलं की मे महिन्यात कुर्डी गाव वर येतं. धरणात बुडालेलं हे गाव म्हणजे गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं, किशोरी आमोणकरांच्या आईचं. घरांची जोती, भेगाळलेली जमीन, सोमेश्वराचं देऊळ. विस्थापित गावकरी वर्षातून एकदा इथं उत्सवाला जमतात. सासूबाई एरवी पाच मिनिटांत "चला आता" म्हणतात. इथं एका जोत्यासमोर उभ्या राहून "ही चूल, हे न्हाणीघर, हे तुळशीवृंदावन असणार" असं मुलांना दाखवत होत्या. मग पोरांनी प्रत्येक जोत्यावर घर-घर मांडलं. सावली नावाला नाही. टोप्या आणि भरपूर पाणी न्या, आणि दहाच्या आत परत फिरा.

पणसायमळची कातळशिल्पं कुशावतीच्या काठी, रिवणच्या बाजूला. 1993 मध्ये ती उजेडात आली. जांभ्या दगडाच्या सपाट सड्यावर वशिंडाचे बैल, हरणं, मोर, आणि एक गोल चक्रव्यूह. भर दुपारी गेलात तर काहीच दिसणार नाही. सकाळचं तिरपं ऊन पडलं की रेघा उठून येतात. चक्रव्यूहातून बोट फिरवायचा मोह सगळ्यांनाच होतो. आम्ही हवेतल्या हवेत फिरवायला लावलं, दगड झिजू नये म्हणून. पावसाळ्यात शेवाळ असतं, तेव्हा नकोच.

बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय सोमवारी बंद असतं. बाहेर मोकळ्यावर जुनी विमानं उभी आहेत. एके काळी एअर इंडियाकडे असलेलं तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन आहे, आणि 2016 मध्ये निवृत्त झालेलं सी हॅरियर हे लढाऊ विमानही. हॅरियरच्या पोटाशी वळणारे झोत असतात, म्हणून ते जागच्या जागी उभं वर उठायचं. हे कळल्यावर थोरला विमानाखालून हलेना.

किनारपट्टीवरचं एक 'फॅमिली पार्क' मात्र पैसे पाण्यात. नाव घेत नाही. निम्मे खेळ बंद, आणि प्रत्येक गोष्टीला वेगळं तिकीट.

लोटलीच्या बिगफूटमध्ये पूर्वीच्या गोव्यातलं गाव पुतळ्यांतून उभं केलंय, शिवाय 1994 मध्ये जांभ्यात कोरलेली आडवी, अवाढव्य संत मीराबाई. मोठ्या दगडी पावलात आपलं पाऊल ठेवून मनातलं मागायचं, हा भाग मुलांना पुरेसा. बाणावलीचं गोवा चित्र हे संग्रहालय जरा मोठ्या मुलांसाठी ठेवा. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी जमवलेली शेतीची, घरातली अवजारं, उसाचा भला मोठा लाकडी घाणा. आमच्याकडे तिथं खरा रस घेतला तो सासूबाईंनी.

आणि हे सगळं दूर वाटत असेल तर आमच्या डिचोलीजवळचं नार्वे गाव. सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्या (शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये या देवळाचा जीर्णोद्धार करवला), मग फेरीबोटीनं समोरच्या दिवाडी बेटावर जा. देव मूळचा दिवाडीचाच, पोर्तुगीजांच्या काळात नदी ओलांडून इकडे आला. मुलांना ही गोष्ट बोटीत सांगितली तर ती दोन्ही काठ बघत बसतात. रविवारी संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. आम्ही गाडी अलीकडच्या काठावरच ठेवतो आणि बोटीत पायी चढतो. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, आणि फळी खाली पडतानाचा खडखडाट धाकटीला पुढं उभं राहून ऐकता येतो.