फिनिक्सजवळ एकट्याने डोंगरधार: कॅमलबॅक, फ्लॅटआयर्न की पूर्ण रिजलाइन?

ॲरिझोनात हिवाळ्यातल्या एका दिवसात, एकट्याने, हात लावून चढायचा कातळ आणि वर मोकळी धार हवी असेल तर फिनिक्सच्या आसपास तीन पर्याय समोर येतात: शहरातल्या कॅमलबॅकची चोया वाट, सुपरस्टिशन डोंगरातलं फ्लॅटआयर्न, आणि त्याच डोंगराची या टोकापासून त्या टोकापर्यंतची धार, म्हणजेच पूर्ण रिजलाइन. नुसत्या अंतराच्या आकड्यांवर निवड करू नका. सोबत कोणी नसताना आधी पाहायचं ते हे, की काही बिनसलं तर कुठून आणि किती वेळात खाली येता येईल.

कॅमलबॅक, चोया वाट. माथा ८२४ मीटर (२,७०४ फूट). एका बाजूचं अंतर सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, येऊन-जाऊन अडीच-तीन तास. सुरुवातीची वाट सरळ आहे. शेवटच्या टप्प्यात अरुंद धारेवरचे मोठे दगड हात लावून चढावे लागतात. दोन लिटर पाणी पुरतं, फोनला रेंज असते आणि कुठूनही माघारी फिरता येतं. खरा एकटेपणा मात्र इथे मिळत नाही, शनिवारी तर नाहीच. त्याच डोंगराची एको कॅन्यन वाट जास्त खडी आहे, पण तिथे रेलिंग असल्यामुळे कातळाचा सराव कमी होतो. म्हणून हात आजमावायला चोयाच बरी. अतिउष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी महापालिका दोन्ही वाटा सकाळपासून संध्याकाळी ५ पर्यंत बंद ठेवते.

फ्लॅटआयर्न. ॲपाची जंक्शनजवळच्या लॉस्ट डचमन स्टेट पार्कमधून सायफन ड्रॉ नावाच्या नाळेने वर जायचं. येऊन-जाऊन साडेनऊ-दहा किलोमीटर, चढ ८०० मीटरहून थोडा जास्त, माथा सुमारे १,४८० मीटर. पाच ते सात तास धरा, पाणी किमान चार लिटर.

पहिले तीन किलोमीटर आखीव वाट आहे. ती पाण्याने गुळगुळीत झालेल्या कातळाच्या बशीपाशी संपते. तिथून पुढे कोणी वाट राखत नाही. दगडांवरचे पांढरे ठिपके पाहत चढायचं. काठ्या इथेच घडी करून सॅकमध्ये टाका, हात मोकळे लागतात. घसारा, सुटे धोंडे, मध्येमध्ये कातळटप्पे असा ५०० मीटरच्या आसपास सलग चढ आहे आणि माथ्याच्या अलीकडे तीन-साडेतीन मीटरची उभी भिंत. पकडी चांगल्या आहेत. हात-पाय मिळून तीन आधार पक्के ठेवले तर चढणं अवघड नाही.

अवघड आहे ते उतरणं. भिंतीवरून तोंड कातळाकडे करून, पायाने खाच चाचपत उतरावं लागतं. म्हणून अर्ध्यापर्यंत चढून लगेच खाली उतरून पाहा. हे नीट जमलं नाही तर तिथूनच परत फिरलेलं बरं. दुसरा घोटाळा फाट्यांचा. वरून पाहताना शेजारच्या घळी सारख्याच दिसतात आणि चुकीची घळ कड्यावर नेऊन सोडते. चढताना दर पंधरा मिनिटांनी मागे वळून फोटो काढा, जीपीएसचा माग चालू ठेवा. तिसरं, वरच्या लोकांच्या पायाखालून दगड सुटतात. हेल्मेट घालणारे कमी दिसतात, तरी घालाच. उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, हे धरून परतीची वेळ आधीच ठरवा.

पूर्ण रिजलाइन. लॉस्ट डचमन पार्कपासून फ्लॅटआयर्नवरून डोंगराच्या दुसऱ्या टोकाच्या कार्नी स्प्रिंग्जपर्यंत, साधारण १७-१८ किलोमीटर. धार सतत वरखाली होत असल्याने एकूण चढ १,४०० मीटरच्या आसपास भरतो. सर्वांत उंच शिखर १,५४१ मीटर. नऊ ते बारा तास लागतात, आणि डिसेंबरात उजेड जेमतेम दहा तास. म्हणजे पहाटे अंधारात निघणं आलं, हेडलॅम्प आणि जास्तीची बॅटरी आली.

सह्याद्रीत घडलेल्या ट्रेकरची फसगत इथे होते. गडावर टाकं सापडतं, पायथ्याला वाडी असते. या धारेवर पाण्याचा भरवसा शून्य. पाच-सहा लिटर सुरुवातीलाच उचलावं लागतं, आणि एवढं वजन कातळावर तोल बिघडवतं. बाटल्या बाहेर लटकवू नका. पाण्याची पिशवी पाठीला चिकटून ठेवा. नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं मीठ उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं. सोबत मीठसाखर किंवा खारं खाणं हवंच. मधल्या भागात सुरक्षित उतार नाही, म्हणून अर्ध्या धारेपर्यंत ठरल्या वेळेत पोचला नाहीत तर आल्या वाटेने मागे. मधल्या घळीतून शॉर्टकट मारायचा मोह टाळा.

दिशा कोणती? कार्नीकडून सुरुवात केलेली बरी, पण फ्लॅटआयर्न आधी केलं असेल तरच. पुसट वाट सकाळच्या उजेडात शोधता येते आणि थकल्यावर ओळखीची नाळ उतरावी लागते. गाडी पार्कमध्ये ठेवून पहाटे कोणाला तरी कार्नीची वाट जिथून सुटते त्या पेराल्टा रोडला सोडायला सांगा. तिथे ऐनवेळी कॅब मिळेल असं गृहीत धरू नका.

माझा कौल: कॅमलबॅकवर आरामात वावरता येत असेल तर फ्लॅटआयर्न. रिजलाइन एकट्याने तेव्हाच, जेव्हा नाळ दोनदा उतरून झालीय आणि सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसतानाही उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र) हाताशी आहे.

शेवटच्या दोन्ही वाटांना पूर्ण पँट, हातमोजे, चिमटा आणि एक साधा कंगवा घ्या. चोया निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला तर बोटांनी ओढू नका, तो बोटांना चिकटतो. कंगवा खाली घालून झटक्यात उडवायचा. ऊन असेल त्या दिवशी हात टाकण्याआधी कपारीत पाहा, रॅटलस्नेक हिवाळ्यातही अधूनमधून बाहेर येतात. आणि पाऊस नुकताच पडून गेला असेल तर बेत पुढे ढकला: सायफन ड्रॉचा गुळगुळीत कातळ ओला असताना बुटाला पकड देत नाही.