सी-शाझेलचं रोबेर शुमान यांचं घर: काय पाहावं, कोणत्या क्रमाने

कॅथलिक राजकारण्याने आपली श्रद्धा मंत्रालयाच्या दाराबाहेर ठेवावी की आत न्यावी, हा वाद ज्यांना मनापासून छळतो त्यांनी फ्रान्समधलं हे घर पाहावंच. मेस शहराच्या पश्चिमेला, मोझेल नदीच्या पलीकडे टेकडीच्या उतारावर सी-शाझेल गाव आहे. युरोपीय एकीकरणाचे एक जनक मानले जाणारे फ्रेंच राजकारणी रोबेर शुमान यांचं तिथलं घर आता संग्रहालय झालंय. पाचपैकी चार तारे.

पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकावरून जलद गाडीने मेस साधारण दीड तासावर. एप्रिल 1950 च्या अखेरच्या शुक्रवारी याच स्थानकात, गाडी सुटायच्या बेतात असताना, परराष्ट्रमंत्री शुमान यांच्या हातात त्यांच्या कार्यालयाचे प्रमुख क्लापिए यांनी फ्रान्सच्या नियोजन खात्याचे प्रमुख झां मोने यांचा मसुदा दिला. शुमान यांनी तो शनिवार-रविवारी या घरी वाचला आणि सोमवारी होकार घेऊनच परतले. 9 मे रोजी जगाने ऐकली ती हीच योजना: फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एकाच सामाईक अधिकारमंडळाच्या हाती द्यायचं, म्हणजे एकमेकांविरुद्ध चोरून तोफा ओतता येणार नाहीत. निवेदन दोनेक पानांचंच आहे, ते वाचूनच निघा. त्यात देवाचं नाव एकदाही येत नाही.

क्रम असा ठेवा. आधी समोरचं सां-कांतां चर्च. जुनं, तटबंदीचं, आत अंधारं आणि थंड. शुमान यांची कबर इथेच आहे. मग घर. 1926 मध्ये घेतलेलं, खेड्यातलं साधं घर. पंतप्रधानपद भूषवलेल्या माणसाचा थाट शोधाल तर सापडणार नाही. लिहायचं टेबल, पुस्तकं आणि अविवाहित माणसाची आटोपशीर राहणी. ते नेमाने मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात. 1942 मध्ये जर्मन नजरकैदेतून निसटल्यावर त्यांना मठांनी लपवलं. 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘पूजनीय’ ठरवलं, म्हणजे संतपदाच्या वाटेवरची एक पायरी. बाग शेवटी ठेवा.

एक तारा कापला तो एवढ्यासाठी की खोल्यांमधून भक्त दिसतो, पण त्याची श्रद्धा संसदेत नेमकी कशी उतरली हे वस्तूंवरून उमगत नाही. ते आधीच माहीत हवं. 1905 मध्ये फ्रान्सने चर्च आणि सरकार वेगळं केलं तेव्हा मोझेल हा इथला प्रांत जर्मनीकडे होता, म्हणून इथे सरकार आणि चर्च यांच्यातला जुना करार टिकला. 1924 मध्ये पंतप्रधान एरियो यांनी तो मोडायचं ठरवलं, तेव्हा त्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांत खासदार शुमान होते. आजही या भागातल्या धर्मगुरूंना सरकारी पगार मिळतो. हा संदर्भ नसेल तर समोरचं चर्च नुसतंच जुनी इमारत वाटतं.

बहुतेक लोक इथल्या, शिल्पकार त्सेरेतेली यांच्या चार पुतळ्यांसोबत फोटो काढून परततात. तिथे थांबा. शुमान, पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर, इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी, मोने. पहिले तिघे कॅथलिक. त्यातले दे गास्पेरी रोज प्रार्थना करणारे, तरी 1952 च्या रोम पालिका निवडणुकीत अतिउजव्यांशी युती करा हा व्हॅटिकनचा आग्रह त्यांनी मानला नाही. त्यानंतर पोप पायस बारावे यांनी त्यांना खासगी भेटही नाकारली. श्रद्धा सार्वजनिक जीवनात जगणं आणि बिशपांच्या सांगण्यावरून मत देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली करावीच, असं आमचं ठाम मत. दुसरी दे गास्पेरींनी नाकारली आणि तरीही ते शेवटपर्यंत चर्चचेच राहिले.

वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघण्याआधी तपासा. चढ आहे, बूट चांगले घाला. लक्झेंबर्गला राहणाऱ्या मराठी मंडळींना एका दिवसात सहज जमेल; शुमान यांचा जन्मही तिथलाच, 1886 चा.