घडीच्या खडकांचं मॉडेल किट: फोम ठीकठाक, पुस्तिका भारी, पण एक घोळ

भाचीच्या नावाने मागवलं खरं पण दोन दिवस मीच खेळत बसलोय. आत पाच रंगांचे फोमचे थर, तळाला लाल आणि सगळ्यात वर पांढरा, दोन्ही बाजूंनी दाबायला दोन लाकडी फळ्या आणि एक छोटी पुस्तिका. आयडिया तशी जुनीच, खडकांच्या थरांना घड्या कशा पडतात हे दाखवायला स्कॉटलंडच्या जेम्स हॉल या भूवैज्ञानिकाने टेबलावर कापडं रचून वर चक्क बिजागरीवरून निघालेलं दार ठेवलं, त्यावर वजनं, आणि मग दोन्हीकडून फळ्या ठोकून घड्या पाडल्या, १८१५ मधे छापून आलंय ते. आमचा निळा थर मात्र दुसऱ्याच दिवशी सुटला, गम एकदम बेकार.

पैसे वसूल झाले ते पुस्तिकेमुळे. अँटिक्लाइन म्हणजे थरांची वरची घडी की खालची यात माझा शाळेपासून गोंधळ. तर ग्रीकमधे 'क्लिनेइन' म्हणजे कलणं आणि 'अँटी' म्हणजे विरुद्ध, माथ्यापासून थर दोन बाजूंना उलटे उतरत जातात ती अँटिक्लाइन, आणि 'सिन' म्हणजे सोबत, दोन्हीकडचे थर एकमेकांकडे कलले की सिंक्लाइन. क्लिनिक पण याच घराण्यातलं, 'क्लिने' म्हणजे पलंग ना! हे वाचल्यावर या दोघींचे आपले मराठी शब्द, अपनती आणि अभिनती, आठवले, परीक्षेपुरते घोकलेले, पण नती म्हणजे झुकणं, अप म्हणजे दूर, अभि म्हणजे कडे, अहो तंतोतंत तेच की. आणि खडकातल्या घडीला म्हणतात ती वली तर सरळ सुरकुती, आपण पोटावर वळ्या पडल्या म्हणतो तीच. मराठी शब्द पुस्तिकेत नाहीत, मीच पेनने लिहून ठेवलेत.

आता घोळ. 'वर फुगलेली घडी म्हणजे अँटिक्लाइन' असं ठोकून दिलंय. बहुतेक वेळा जमतंय पण खरी अट वयाची आहे, घडीच्या पोटात सगळ्यात जुना थर हवा. थरांचं वय माहीत नसेल तर वर फुगलेल्या आकाराला नुसतं अँटिफॉर्म म्हणायचं. घरीच बघा, लाल आधी साचला म्हणजे तो जुना, आता अख्खी चळत पालथी करून दाबा, फुगवटा तसाच येतो पण पोटात पांढरा म्हणजे सगळ्यात नवा, मग ती दिसायला वर फुगलेली पण असते सिंक्लाइन. आल्प्समधे असे पालथे पडलेले थर खरंच आहेत, त्यामुळे हे काही उगाच कीस पाडणं नाही. कंपनीला मेल टाकला तर 'पुस्तिका तज्ज्ञांनी तपासली आहे' एवढंच उत्तर आलं, बरं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गमाचा कापला, एक त्या उत्तराचा. निळ्या थराला सध्या कपड्याचा चिमटा लावलाय.