शेळीची धार काढायचा घरगुती स्टँड, आठ महिने वापरून झाल्यावर

आमच्याकडे सात शेळ्या आहेत, पाच संगमनेरी आणि दोन उस्मानाबादी, आणि मागच्या दिवाळीपर्यंत धार काढायची म्हणजे दोन माणसं लागायचीच. एकाने पुढून कान धरायचा, दुसऱ्याने मागे उकिडवं बसून शेळीचा पाय मांडीत दाबायचा आणि एका हाताने चिमटीत सड ओढत चरवीत धार काढायची, तेवढ्यात तिने पाय झटकला की एकतर लेंडी दुधात नाहीतर दूध मातीत. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना खाली बसता येत नाही, त्यामुळे दोन्ही वेळची धार माझ्यावर आली होती आणि माझीही कंबर धरायला लागली होती.

पहिला स्टँड, म्हणजे शेळीला वर उभं करून पुढे तिची मान अडकवायचा चौथरा, मी लोखंडी करून घेतला, एका फॅब्रिकेशनवाल्याकडून, साडेपाच हजार दिले आणि ते वाया गेले हे स्पष्ट सांगते. मोबाईलवरचा फोटो बघून त्यांनी तो बनवला, आमच्या शेळीचं माप घ्यायला काही कोणी आलं नाही. उंची दोन फूट, मानेची फट सहा इंच, म्हणजे शेळी मान वाकडी करून डोकं सरळ मागे काढून घ्यायची, वर साधा पत्रा ठोकलेला, मूत पडलं की खूर सरकायचे, आणि वेल्डिंगचे काटे न घासता तसेच ठेवलेले. एका पाठीच्या (तरुण शेळीच्या) गळ्याला त्यानेच ओरखडा पडला. दुरुस्त करून द्या म्हटलं तर नंतर फोनच उचलेनात.

मग मी आणि माझ्या भावाने दिवाळीच्या सुट्टीत घरीच लाकडाचा केला. भंगारवाल्याकडून कंपनीतले दोन पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटी) आणले, त्यावर शिक्का बघून घ्या बरं का, एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवून घेतलेलं असतं, एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, जनावर चाटतं कुरतडतं तिथे ते नको. पाय, बोल्ट, स्क्रू, रबर मॅट सगळं धरून १,८५० रुपये लागले. लांबी चार फूट, रुंदी २२ इंच, उंची १६ इंच. शेळी स्वतः उडी मारून चढते आणि स्टुलावर बसलं की कास बरोबर हातासमोर येते.

खरी कला आहे ती मानेच्या फटीत. दोन उभ्या फळ्या, एक पक्की, दुसरी खाली एका बोल्टवर फिरणारी. फिरणारी उघडली की वर एक फूट जागा होते, शिंगं अडकत नाहीत, शेळीने खुराकात तोंड घातलं की फळी सरळ करायची आणि वरून खिट्टी लावायची, तेव्हा मानेजवळ चार इंच फट राहते. चार इंचात मान मोकळी राहते, श्वास अडत नाही, पण डोकं निघत नाही. पहिल्या वेताच्या बारीक पाठीला साडेतीन लागते, त्यासाठी खिट्टीला दुसरं भोक पाडलंय. कडा भावाने कानशीने घासून पार गोल केल्या, मी स्वतः गालाने चाचपून बघितल्या.

सवय लावायला मात्र घाई करू नका. आम्ही पहिले पाच दिवस नुसतं वर चढवून खुराक दिला, मान अडकवली नाही, मग दोन दिवस अडकवून फक्त कासेला हात लावला, आठव्या दिवशी धार काढली. खुराक म्हणजे मक्याचा भरडा आणि शेंगदाणा पेंड, पण रोजच्या वाट्यातलाच, जास्तीचा नाही, नाहीतर पोट फुगतं. नुसता भरडा तीन मिनिटांत संपतो आणि मग लाथा सुरू, म्हणून त्यात सुबाभळीचा पाला मिसळते.

ज्या गोष्टीसाठी मी हा स्टँड कोणालाही करा म्हणेन ती वेगळीच आहे. दोन्ही हात मोकळे झाल्यामुळे आता मूठ पद्धतीने धार निघते, अंगठा आणि पहिलं बोट वर आवळायचं आणि मग एकेक बोट खाली, सड ओढायचा नाही. आणि कास डोळ्यासमोर असते. जानेवारीत पहिल्या दोन धारा वाटीवर बांधलेल्या काळ्या फडक्यावर सोडल्या (रोज सोडते) तर बारीक गुठळ्या दिसल्या, हात लावला तर डावी बाजू गरम आणि कडक. दगडीची, म्हणजे कास सुजायच्या रोगाची, सुरुवात होती. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवलं, औषध झालं, कास वाचली. दोन वर्षांपूर्वी अशीच एक शेळी, तेव्हा मागून अंधारात धार काढायचो, कळलं तेव्हा तिचं एक सड कायमचं गेलं होतं. ते अजून मनाला लागतं.

तक्रारी दोन. जूनपासून पावसाळी हवेने लाकूड फुगलं आणि फिरणारी फळी अडकायला लागली, रंधा मारला आणि मध्ये मोठा वॉशर टाकला तेव्हा सुटली, तो वॉशर आधीच टाका. दुसरं, मॅटखाली मूत साचतं, त्यामुळे मॅट ठोकून बसवू नका, रोज काढून धुता आली पाहिजे. स्टँड भिंतीला चिकटवून ठेवलाय म्हणून शेळी पलीकडे उडी मारत नाही. आणि मान अडकवलेली शेळी सोडून क्षणभरही कुठे जायचं नाही, ती वरून घसरली तर गळ्याला फास बसतो, आमच्या घरात मुलांनाही हे बजावून ठेवलंय. गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात वर चढवूच नका.

सकाळची धार आता सासूबाई एकट्या काढतात. स्टुलावर बसतात, शेळीच्या पोटाला डोकं टेकतात, हळू आवाजात तिच्याशी काहीतरी बोलत असतात, आणि मी तेवढ्यात पोरांचे डबे भरते.